पाणीयोजनेचा आराखडा जाणकाराकडून तपासून घ्यायचा तो केव्हा, आणि त्यात नेमकं काय बघायचं?

प्रश्न साधारण दोन हजार वस्तीच्या गावाचा आहे. नवी नळ पाणीपुरवठा योजना मंजुरीच्या वाटेवर आहे. गावठाणातले काँक्रीट रस्ते, गटारं आणि शाळेची एक खोली ग्रामपंचायत विकास आराखड्यात घेतली आहे. अंदाजपत्रकं शाखा अभियंत्यांनी तयार केली आहेत. ती बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासून घेण्याने खरंच फरक पडतो, की नुसता वेळ जातो?

फरक पडतो, फक्त ती तपासणी तांत्रिक मान्यतेच्या (अंदाजपत्रकाला वरिष्ठ अभियंत्याची मंजुरी) आधी झाली पाहिजे. निविदा निघाल्यावर आराखड्यातली चूक सापडली तर जादा बाब मंजूर करून घ्या, सुधारित अंदाजपत्रक करा, सुप्रमा म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता मिळवा, अशी रांग लागते. तोवर ठेकेदार काम थांबवतो किंवा मंजूर नकाशाप्रमाणे चुकीचंच बांधून मोकळा होतो, आणि मार्च आला की निधीची घाई सुरू होते. काम झाल्यावर जी त्रयस्थ तांत्रिक तपासणी होते, ती काँक्रीटची ताकद आणि मोजमाप पुस्तिकेतली मापं बघते. विहीर चुकीच्या जागी खोदली असेल तर त्या टप्प्यावर कुणालाच काही करता येत नाही.

मंजुरीच्या साखळीत तीन-चार सह्या असताना चूक राहतेच कशी, असं वाटणं साहजिक आहे. त्या सह्यांच्या वेळी तपासले जातात ते दर, बाबी आणि बेरजा: दरसूचीप्रमाणे भाव लावलाय का, लीड (साहित्य वाहून आणायचं अंतर) बरोबर धरला आहे का, कर आणि आकस्मिक खर्च धरला का. पण ज्या गृहीतकांवर अंदाजपत्रक उभं आहे, ती टेबलावर तपासता येत नाहीत. विहिरीला मे महिन्यात पाणी किती, गावात वीज खरोखर किती तास, टाकीच्या जागेची उंची किती, जमिनीखाली माती कसली, याची उत्तरं गावातच मिळतात. एका शाखा अभियंत्याकडे अनेक गावांची कामं असतात, त्यामुळे शेजारच्या गावाचं अंदाजपत्रक उघडून आकडे बदलणं हे सर्रास होतं. हा त्या माणसाचा दोष म्हणून बघू नका, कामाच्या रेट्याचा परिणाम म्हणून बघा. तज्ज्ञाला बोलवायचं ते अभियंत्याच्या चुका काढायला नव्हे, ही गृहीतकं जागेवर तपासायला.

पाणीयोजनेपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात महागात पडणाऱ्या चुका तिथे होतात.

पहिला हिशेब मागणीचा. जलजीवन मिशनचं प्रमाण माणशी रोज ५५ लिटर आहे. नळ्यांसाठी ३० वर्षांपुढची लोकसंख्या धरतात. ती ३,००० धरली तर १ लाख ६५ हजार लिटर होतात. गळती १५ टक्के धरली तर रोज उचलायचं पाणी साधारण १ लाख ९४ हजार लिटर. हा आकडा आधी कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, पुढचं सगळं त्यावर ठरतं. जनावरांचं पाणी, शाळा, आठवडी बाजार, जत्रा यांचा विचार झालाय का, हेही तिथेच विचारा. गोठ्यातल्या म्हशी नळाचंच पाणी पिणार हे सगळ्या गावाला माहीत असतं, पण अंदाजपत्रकात त्या क्वचितच दिसतात.

दुसरा हिशेब उद्भवाचा, म्हणजे पाणी जिथून उचलायचं त्या स्रोताचा. आपल्याकडे बहुतेक भागात काळा खडक म्हणजे बेसॉल्ट आहे. त्यात पाणी फटींतून आणि मुरमाड थरातून येतं, त्यामुळे दोन विहिरींत शंभर मीटरचं अंतर असलं तरी आवक वेगळी असू शकते. उपसा चाचणी एप्रिल-मे मध्येच व्हायला हवी. दिवाळीत घेतलेल्या चाचणीवर योजना उभारली तर मार्चपासून टँकर ठरलेला. पद्धत सोपी आहे: पंप लावून विहीर खाली न्यायची, पंप बंद करायचा, आणि पातळी किती वर येते ते दर तासाला टेपने मोजून लिहायचं. समजा विहिरीचा व्यास ८ मीटर आहे आणि १२ तासांत पाणी १.२ मीटर चढलं. विहिरीचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस मीटर, म्हणजे १२ तासांत ६० हजार लिटर आले. विहीर भरत जाते तशी आवक मंदावते, त्यामुळे दिवसाकाठी फार तर १ लाख २० हजार धरा. आपल्याला हवेत १ लाख ९४ हजार. ही तफावत मान्यतेआधी कळली तर दुसरा उद्भव शोधता येतो, विहीर आणखी खोल करता येते किंवा नाल्यावर बंधारा घेऊन पुनर्भरण करता येतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाचा दाखला कागदपत्रांत असतो. त्यावर चाचणीची तारीख कोणती आहे ते नक्की बघा. आसपासच्या बागायतीच्या बोअर किती खोल आहेत हेही त्याच फेरीत विचारून घ्यावं, कारण उन्हाळ्यात त्याच पाण्यावर सगळ्यांचा डोळा असतो.

तिसरा हिशेब विजेचा आणि नळीचा एकत्र करायचा असतो. तो वेगवेगळा केला जातो, म्हणून चुकतो. अंदाजपत्रकात पंप ८ तास चालेल असं गृहीत धरलेलं असतं. १ लाख ९४ हजार लिटर ८ तासांत म्हणजे सेकंदाला सुमारे ६.७ लिटर. पण गावाच्या वीजवाहिनीवर (फीडरवर) सलग वीज ६ तासच मिळत असेल तर तेवढंच पाणी सेकंदाला ९ लिटर वेगाने न्यावं लागतं. रायझिंग मेन, म्हणजे विहिरीपासून टाकीपर्यंत पाणी चढवणारी नळी, १,५०० मीटर लांब आणि आतल्या मापाने १०० मिलिमीटर असेल, तर घर्षणात जाणारा दाब (तो पाण्याच्या उंचीत, मीटरमध्ये मोजतात) ६.७ लिटरला सुमारे ११ मीटर आणि ९ लिटरला सुमारे १९ मीटर होतो. आठ तासांच्या हिशेबाने निवडलेला पंप त्या वेगाने पाणी वर ढकलूच शकत नाही, आणि सहा तासांत रोजच्या पाण्याचा पाऊण हिस्साच टाकीत येतो. तीच नळी आतून १२५ मिलिमीटरची घेतली तर घर्षण साडेसहा मीटरच्या आत येतं. बाकीची उचल ४५ मीटर आणि पंप-मोटरची एकत्रित कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर लहान नळीला साडेबारा अश्वशक्ती लागते, मोठ्या नळीला दहा. योजना पूर्ण क्षमतेने चालेल तेव्हा वर्षाला सुमारे ४,००० युनिटांचा फरक पडेल, आणि ते बिल दरवर्षी ग्रामपंचायतच भरणार आहे. नळीचा जास्तीचा खर्च एकदाच होतो आणि तो योजनेच्या निधीतून होतो. माझ्या मते रायझिंग मेनचा व्यास हा संपूर्ण आराखड्यातला गावाच्या खिशाशी सगळ्यात जवळचा आकडा आहे, आणि त्याच्याबद्दल ग्रामसभेत कधी कुणी बोलत नाही.

नळीबद्दल आणखी दोन गोष्टी. एचडीपीई नळीवर छापलेला व्यास बाहेरचा असतो. ११० मिलिमीटरची नळी दाबाच्या वर्गानुसार आतून साधारण ९४ ते ९९ मिलिमीटर भरते. हिशेब १०० ने केला आणि आत ९४ निघाली तर घर्षण तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढतं. दुसरं म्हणजे पीएन ६ म्हणजे सुमारे ६० मीटर दाबाची नळी. वरच्या उदाहरणात लहान नळीला पंपाजवळचा दाब ६४ मीटरवर जातो, त्यात वीज अचानक गेली की पाण्याचा उलटा दणका बसतो. अशा ठिकाणी नळ्या पंपाच्या जवळच फुटत राहतात आणि दोष ठेकेदाराच्या जोडणीला दिला जातो. पाणी उलटं येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, उंचवट्यांवर हवा सोडणारा एअर व्हॉल्व्ह आणि खोलगटात गाळ काढायचा वॉशआउट नकाशावर कुठे कुठे दाखवले आहेत, ते बोट ठेवून विचारा.

आता टाकी. हिची जागा बहुधा जमीन कुणाची मोकळी आहे यावर ठरते, पातळीवर नाही. गावातल्या सगळ्यात उंच घराची पातळी १०० मीटर धरा. एकमजली घरासाठी नळाशी ७ मीटर दाब लागतो. वाटेतलं घर्षण ४ मीटर धरलं तर टाकीतली सगळ्यात खालची पाणीपातळी १११ मीटर हवी. शाळेच्या आवारात जमीन ९७ मीटरवर असेल तर १४ मीटरचे खांब उभारावे लागतील. गायरानातल्या टेकाडावर जमीन १०४ असेल तर ७ मीटरमध्ये भागतं, आणि ११२ मीटरवर जागा मिळाली तर खांब लागतच नाहीत, जमिनीवरची टाकी पुरते. टेकडीपर्यंतची जास्तीची नळी विरुद्ध खांबांचा खर्च, असा तुलनेचा तक्ता तज्ज्ञाकडून लिहून घ्या. पातळ्या ऑटो लेव्हलने, म्हणजे उंची मोजायच्या दुर्बिणीने, घेतलेल्या हव्यात. मोबाइलवरच्या किंवा उपग्रह नकाशातल्या उंचीत काही मीटरची चूक सहज असते, आणि इथे सगळा खेळच सात मीटरचा आहे. जागेचा सातबारा, गायरान असेल तर परवानगी, वनजमीन असेल तर त्या खात्याची संमती, हे सगळं त्याच बैठकीत बघून घ्यावं. जागेच्या वादात अडकलेली टाकी वर्षानुवर्षं पायाच्या वर येत नाही.

गाव उतारावर असेल तर उलटी अडचण येते. त्याच टाकीवर ८० मीटर पातळीची खालची आळी जोडली तर तिथे ३० मीटरहून जास्त दाब येतो. पाणी आधी तिकडे पळतं, तोट्या गळतात आणि वरच्या वाडीला ‘पाणी चढत नाही’. याला उपाय पंप मोठा करणं नव्हे, खालच्या भागाचा झोन वेगळा करणं आणि गरज असेल तिथे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवणं.

वितरणाच्या नळ्यांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ही चूक कागदावर चूक म्हणून दिसतच नाही. लहान गावांसाठी सरासरी प्रवाहाच्या तिप्पट प्रवाह धरून नळ्या ठरवतात. १ लाख ६५ हजार लिटरची सरासरी सेकंदाला १.९ लिटर, तिप्पट ५.७ लिटर. म्हणजे रोजचं सगळं पाणी किमान ८ तासांत सुटेल असं यात न बोलता गृहीत धरलेलं असतं. प्रत्यक्षात गावाचे चार भाग केलेले असतात आणि प्रत्येकाला दोन-दोन तास पाणी सोडतात. मुख्य नळीला हे चालतं, ५.७ लिटरच वाहतात. पण त्या भागातल्या उपनळ्या सेकंदाला १.४ लिटरच्या हिशेबाने घेतलेल्या असतात आणि त्यांच्यातून ५.७ लिटर जायला हवेत. प्रवाह चौपट झाला की घर्षण सुमारे तेरापट होतं. शेवटच्या घरांना पाणी न येण्याचं कारण बहुतेकदा हे असतं, आणि मग लोक नळाला मोटर लावतात, त्याने पुढच्यांचं आणखी बंद होतं. म्हणून पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला तपासणीच्या बैठकीत बसवाच. कुठल्या आळीला किती वेळ पाणी सोडावं लागतं, कुठे मोटरी लागतात, कुठला व्हॉल्व्ह जाम आहे, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. तज्ज्ञाने त्याचं वेळापत्रक घेऊन त्यावरून नळ्यांचा हिशेब पुन्हा करावा. नळ्यांच्या जाळ्याचा हिशेब करणारी आयआयटी मुंबईची ‘जलतंत्र’ किंवा अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची ‘ईपानेट’ ही संगणक प्रणाली विनामूल्य मिळते. स्थापत्यच्या विद्यार्थ्यालाही शिकून दोन-तीन दिवसांत गावाचं जाळं तिच्यात मांडता येतं.

रस्ते आणि गटारांत प्रश्न मुख्यतः क्रमाचा असतो. आधी पाण्याची नळी आणि घरजोडण्या, मग गटार, शेवटी रस्ता. निधी वेगवेगळ्या लेखाशीर्षांखाली आणि वेगवेगळ्या वर्षी येत असल्याने क्रम उलटतो आणि नवा काँक्रीट रस्ता सहा महिन्यांत फोडावा लागतो. पंधराव्या वित्त आयोगात २०२१-२६ साठी ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला आणि ४० टक्के मोकळा, अशी विभागणी होती. दोन्हींची कामं एकाच नकाशावर मांडली तर हा क्रम सांभाळता येतो. रस्ता आधी करणं टाळताच येत नसेल तर निदान घरजोडण्यांसाठी आडवे पाइप आधी पुरून ठेवा, तो खर्च फोडण्याच्या तुलनेत नगण्य असतो.

गटाराचा हिशेब शेवटच्या टोकापासून उलटा करायचा. पाणी कुठे जाणार, तिथल्या नाल्याची पावसाळ्यातली पातळी काय, हे आधी ठरवा. दोनशेला एक उतार दिला तर १०० मीटरला ५० सेंटिमीटर पातळी उतरते. ३०० मीटरच्या गटाराला दीड मीटर लागते, आणि गाव सपाट असेल तर शेवटी गटाराचा तळ नाल्याच्या खाली जातो. तसं होत असेल तर दोन दिशांना दोन गटारं काढा किंवा सांडपाणी वाटेत शोषखड्ड्यांत जिरवा, पण काळ्या मातीत शोषखड्डा चालत नाही हे लक्षात ठेवून. रस्त्याची तयार पातळी घरांच्या जोत्यापेक्षा किमान १५ सेंटिमीटर खाली राहील का, हेही बघा. जुन्या रस्त्यावर नवा थर चढवत गेल्याने गावोगावी उंबऱ्यातून पाणी आत येतं. काँक्रीटचे कापसांधे (तडा ठरल्या जागी जावा म्हणून कापलेल्या आडव्या खाचा) ठरावीक अंतरावर आणि जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोल असल्याचं अंदाजपत्रकात बाब म्हणून असावं. बाब नसेल तर ते होत नाही आणि रस्ता आपल्या मनाने तडकतो.

शाळेच्या खोलीसाठी एकच आग्रह धरा: पायाच्या जागी दोन-तीन मीटरचा चाचणी खड्डा. जेसीबीला तासाभराचं काम आहे. मुरूम किंवा खडक लागला तर नेहमीचा पाया चालतो. काळी माती खोलवर असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि भिंतींना खिडक्यांच्या कोपऱ्यापासून तिरक्या भेगा जातात. तिथे माती काढून मुरमाची भर, जोत्याला सलग तुळई, किंवा माती फारच खोल असेल तर बल्बचे पाइल (जमिनीत खोल उतरवलेले, तळाशी फुगीर खांब) असे पर्याय असतात. आधी कळलं तर शंभर पावलं सरकून दुसरी जागाही घेता येते. प्रमाण नकाशावरून केलेल्या अंदाजपत्रकात पाया सगळीकडे सारखाच असतो.

आता हे सगळं प्रत्यक्षात कसं घडवायचं. तज्ज्ञ म्हणून निवृत्त उपअभियंता, शासकीय तंत्रनिकेतन किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातले स्थापत्यचे प्राध्यापक चालतात. उन्नत महाराष्ट्र अभियानातून महाविद्यालयं अशी कामं घेतात, त्यासाठी प्राचार्यांना ग्रामपंचायतीचं पत्र द्या. ठेकेदारी करणारा, नळ्या किंवा पंप विकणारा, किंवा त्यांच्याकडून काही घेणारा माणूस मात्र नको, कितीही हुशार असला तरी. पाण्याच्या उद्भवासाठी भूवैज्ञानिक वेगळा लागतो, स्थापत्यवाल्याने तो अंदाज करू नये.

शाखा अभियंत्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. त्यांच्या मागे तपासणी केली तर ती त्यांच्याविरुद्धची तक्रार वाटते आणि फाइल तिथेच थांबते. तज्ज्ञाला आधी हे द्यावं: अंदाजपत्रकाची पूर्ण प्रत, नकाशे, उपसा चाचणीची नोंद, महावितरणची गेल्या वर्षाची बिलं, जुन्या योजनेच्या नळ्यांचा जमेल तसा नकाशा. मग एक दिवस गावफेरी, उद्भवापासून शेवटच्या घरापर्यंत पायी. या फेरीत पाणी भरणाऱ्या बायका असायलाच हव्यात, फक्त सदस्य नव्हेत. त्यानंतर तज्ज्ञाने तोंडी सल्ला न देता लेखी टिपण द्यावं, चार रकान्यांचं: अंदाजपत्रकात काय धरलंय, जागेवर काय आढळलं, काय बदलावं, आणि त्याने खर्च किती वाढेल किंवा कमी होईल. पाचवा रकाना शाखा अभियंत्यांच्या उत्तरासाठी मोकळा. एखादी सूचना ते नाकारत असतील तर कारण तिथेच लिहिलं जाईल, आणि पुष्कळदा ते कारण योग्यही असतं. तज्ज्ञ दरसूचीत नसलेली बाब सुचवतो किंवा गावाला सांभाळता येणार नाही असं यंत्र सुचवतो, तेव्हा अभियंत्याचंच ऐकावं.

वेळेचं गणित ग्रामसभांवर बसवा. उपसा चाचणी मे महिन्यात, म्हणजे १ मेच्या ग्रामसभेत तारीख जाहीर करून सगळ्यांसमोर. जुलै-ऑगस्टमध्ये नाल्याच्या पुराच्या खुणा आणि गावठाणात पाणी कुठे तुंबतं याची नोंद, १५ ऑगस्टच्या सभेत ती वाचून दाखवायची. सप्टेंबरात पातळ्या, चाचणी खड्डे आणि तज्ज्ञाचं टिपण. २ ऑक्टोबरच्या सभेपासून पुढच्या वर्षाचा आराखडा आकाराला येतो, तेव्हा हे टिपण ठरावाला जोडा आणि अंदाजपत्रकासोबत तांत्रिक मान्यतेला पाठवा. ठरावात ‘तज्ज्ञांच्या सूचना विचारात घ्याव्यात’ असं मोघम न लिहिता आकडे लिहा: रायझिंग मेनचा आतला व्यास किमान इतका, टाकीची किमान पाणीपातळी इतकी, पंपाचे तास सहा. मान्यता देणाऱ्या अधिकाऱ्याला ठोस आकड्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं.

तुमच्या योजनेची फाइल आधीच पुढे गेली असेल आणि वर्षभर थांबणं शक्य नसेल, तर तीनच गोष्टी धरा: या उन्हाळ्यातली उपसा चाचणी, टाकी आणि सगळ्यात उंच घर यांच्या लेव्हल, आणि विजेच्या खऱ्या तासांवर केलेला रायझिंग मेनचा हिशेब. लेव्हल आणि हिशेबाला दोन-तीन दिवस पुरतात, चाचणीला उन्हाळा गाठावा लागतो. निविदा निघण्यापूर्वी या तीनपैकी एकही बिनसलं तर फाइल परत मागवण्याचं पत्र देण्यात संकोच करू नका.